अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यात घर घेतोय, बेसमेंटमधला रेडॉन (जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सर्गी वायू) लिटरमागे ७.२ पिकोक्युरी (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) आलाय. हे घर सोडून द्यावं का? भावालाही नवं घर बांधायचंय.

नका सोडू. पेनसिल्व्हेनियात हा आकडा नवलाचा नाही. दुसरं घर पाहिलंत तर तिथं कमीच येईल याचाही भरवसा नाही, एकाच गल्लीतल्या दोन घरांत खूप फरक पडतो. याच राज्यात १९८४ मध्ये लिमरिक अणुवीज प्रकल्पातले इंजिनिअर स्टॅन्ली वॉट्रास यांच्यामुळे किरणोत्सर्गाचा अलार्म वाजायला लागला. प्रकल्पाची वीजनिर्मिती तेव्हा सुरूही झाली नव्हती. घरी जाऊन मोजलं तर रेडॉन २,७०० च्या आसपास! ते कुटुंबसुद्धा घर दुरुस्त झाल्यावर परत तिथंच राहायला गेलं.

पण ७.२ अंगावर काढू नका. ४ पिकोक्युरीला उपाय करा असं अमेरिकी सरकार सांगतं, जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा तर साधारण २.७ आहे. फुप्फुसाच्या कर्करोगात सिगरेटच्या खालोखाल याचाच नंबर लागतो, आणि घरात कोणी सिगरेट ओढत असेल तर त्याला धोका कितीतरी जास्त.

आमच्याकडे ११ होता. पहिल्या कंत्राटदारानं नुसत्या भेगा बुजवून पैसे घेतले. पुन्हा मोजलं तर ९. हिवाळ्यात घरातली गरम हवा वर जाते आणि घर धुराड्यासारखं खालच्या मातीतली हवा ओढत राहतं. दोन भेगा बुजवल्या तरी तिसरीकडून वाट मिळतेच. मग दुसऱ्यानं बेसमेंटच्या काँक्रीटला भोक पाडलं, खालची थोडी माती उकरली, तिथून पीव्हीसी पाइप थेट छपराच्या वर नेला आणि त्यावर चोवीस तास चालणारा पंखा बसवला. आता जमिनीखालचा दाब खोलीतल्यापेक्षा कमी राहतो, त्यामुळे वायू घरात न शिरता परस्पर बाहेर जातो. आकडा १.३ वर आला.

पंखा मात्र बेसमेंटमध्ये बसवू देऊ नका. तो माळ्यावर किंवा घराबाहेरच हवा, कारण पंख्याच्या पुढे पाइप गळला तर सगळा वायू घरातच पसरेल. पाइपवर रंगीत पाण्याची वाकडी नळी असते; तिच्या दोन्ही बाजू एका पातळीत दिसल्या तर पंखा बंद पडलाय असं समजा.

हे काम विकणाऱ्याकडून करून घेण्यापेक्षा मी किंमत कमी करून मागेन, नाहीतर तो सगळ्यात स्वस्तातला माणूस आणतो. राज्याचा परवाना असलेला कंत्राटदार तुम्ही निवडा. काम झाल्यावर खिडक्या बंद ठेवून पुन्हा मोजा, हिवाळ्यात एकदा मोजा आणि पुढे दर दोन वर्षांनी.

भावाचं नवं घर बांधायचंय म्हणालात, त्याला आजच फोन करा. काँक्रीट ओतायच्या आधी चार इंच खडी, वर जाड प्लास्टिक, खडीतून छपरापर्यंत एक पाइप आणि माळ्यावर पंख्यासाठी विजेचा पॉइंट, एवढं सांगून ठेवायचं. राहायला गेल्यावर मोजायचं, आकडा जास्त आला तर फक्त पंखा लावायचा.

आणि पंखा बसून आकडा खाली येईपर्यंत, भारतातून आई-बाबा आले तर त्यांची झोपायची सोय बेसमेंटमध्ये करू नका. सहा महिने राहतात ते, रोज रात्रभर तीच हवा छातीत जाते.