कार्ड छापण्याआधी

पंचवटी, नाशिक

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या ज्योतिष कार्यालयाच्या कार्डाचा नमुना मिळाला. गंगापूर रोडला जागा मिळाली हे वाचून फार बरं वाटलं. पण 'पाच हजार वर्षांचे वैदिक ज्योतिष व अंकशास्त्र' या ओळीशी मी अडले. शाळेत तुझ्या वहीत मारायचे तशी तिच्याखाली लाल रेघ मारली आहे. ती का मारली, ते नीट सांगते.

आधी 'वैदिक' हा शब्द घे. लगधाचं वेदांगज्योतिष, वेदांना जोडलेला कालगणनेचा जुना ग्रंथ, मी तुला वाचायला दिलं होतं. त्याच्या ऋग्वेदाच्या पाठात जेमतेम ३६ श्लोक आहेत. पाच वर्षांचं युग, त्याचे १८३० दिवस, सत्तावीस नक्षत्रं, तिथी काढायच्या रीती, एवढाच त्याचा विषय. त्यात मेष-वृषभ नाहीत, लग्न म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, तीही नाही, कुंडली नाही, कुणाच्या आयुष्यात काय घडेल याबद्दल एक अक्षर नाही. तो ग्रंथ स्वतःला 'कालविधानशास्त्र' म्हणवतो. यज्ञ वेळेवर व्हावेत म्हणून वेळ मोजण्याचं शास्त्र. शुभ नक्षत्रावर लग्न करावं, जन्मनक्षत्रावरून नाव ठेवावं, या समजुती गृह्यसूत्रांत, म्हणजे घरगुती संस्कारांच्या जुन्या ग्रंथांत आहेत, त्या नाकारू नकोस. पण तू जी पत्रिका मांडतोस ती त्यात नाही. कुणी ऋग्वेदातलं बारा आऱ्यांचं चक्र पुढे करेल. तिथेच त्या चक्राची ७२० मुलं सांगितली आहेत, म्हणजे ३६० दिवस आणि तितक्याच रात्री. ते वर्षाचं चक्र आहे, बारा आरे म्हणजे बारा महिने.

मग राशी आल्या कुठून? आजच्या इराकमधल्या प्राचीन बाबिलोनमधून. तिथले लोक मातीच्या विटांवर ग्रहणं, शुक्राचे उदयास्त, चंद्राभोवतीची खळी नोंदवत आणि त्यावरून राजाचं, पिकाचं, युद्धाचं भविष्य सांगत. या शकुनांची सुमारे सत्तर विटांची मोठी मालिका होती. सामान्य माणसाच्या जन्माशी ग्रह जोडले गेले ते फार उशिरा. हाती असलेली सर्वांत जुनी जन्मटिपणं इ. स. पू. ४१० मधली आहेत, आणि आकाशाचे सारखे बारा भागही साधारण त्याच शतकात पडले. सिंह, विंचू, तराजू ही चित्रं त्यांची. २०१५ च्या सिंहस्थात तू नववीत होतास आणि रामकुंडावर पाणी वाटत होतास. गुरू ज्या सिंहेत आला म्हणून ती सगळी गर्दी लोटली, तो सिंह आधी बाबिलोनच्या युफ्रेटिस नदीकाठी ओळखला गेला. गोदावरीचं पावित्र्य त्याने तसूभर कमी होत नाही. मला तर उलट ते स्नान आणखी मोठं वाटतं.

पुढे ग्रीकांनी, विशेषतः इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया भागात, यात लग्न आणि बारा स्थानं घातली, आणि ही विद्या पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापाराच्या काळात इकडे आली. पुरावा तुझ्या जिभेवरच आहे. केंद्र, पणफर, आपोक्लिम, द्रेष्काण, होरा हे पत्रिकेतले सगळे शब्द मूळ ग्रीक. होरा म्हणजे तास. 'अहोरात्र' या शब्दातलं पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळून होरा झाला, असं काही जण म्हणतात, हे ज्योतिषी वराहमिहिराने आपल्या बृहज्जातक या ग्रंथात नोंदवलं आहे. म्हणजे हा प्रश्न त्याच्याही काळी विचारला जात होता! आणि बृहत्संहितेत तो स्वच्छ लिहितो: 'म्लेच्छा हि यवनास्तेषु सम्यक् शास्त्रमिदं स्थितम्, ऋषिवत् तेऽपि पूज्यन्ते'. यवनांपाशी, म्हणजे ग्रीकांपाशी, हे शास्त्र नीट आहे, म्हणून तेही ऋषींसारखे पूज्य. सहाव्या शतकातल्या या माणसाला जे म्हणताना कमीपणा वाटला नाही, ते आपल्या कार्डावर लपवावं का?

आपल्या लोकांनी ते नुसतं उचललं नाही, हेही तितकंच खरं. नक्षत्रं सत्तावीस, राशी बारा. भाग जात नाही. म्हणून प्रत्येक नक्षत्राचे चार चरण केले आणि नऊ चरणांची रास बसवली. सव्वादोन नक्षत्रांची एक रास, हे तू पहिल्याच महिन्यात पाठ केलंस. दोन परंपरा कुठे शिवल्या गेल्या, ती शिवण तिथे अजून दिसते. मला ती जागा फार आवडते.

आता वारांचं बघ. पांडवलेण्यांपैकी तिसऱ्या लेण्यातला सातवाहन राजा गौतमीपुत्राचा लेख आपण मिळून वाचला होता: संवत्सर १८, 'वासपखे २ दिवसे १'. पावसाळ्याचा दुसरा पंधरवडा, पहिला दिवस. राजाची आज्ञा आहे, जमिनीचा व्यवहार आहे, पण वार नाही. वाराचा सर्वांत जुना ठाम उल्लेख मध्य प्रदेशातल्या एरणच्या स्तंभावर आहे, इ. स. ४८४ चा, गुरुवार. वारांचा क्रम होऱ्यांवरून कसा निघतो ते तू स्वतः मांडून बघ. शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र या क्रमाने चोवीस तास वाटत जा, पंचविसावा ज्याच्याकडे येईल तो दुसऱ्या दिवसाचा स्वामी. रवीनंतर सोम, सोमानंतर मंगळ. आर्यभटाने हा नियम अर्ध्या श्लोकात बसवला आहे. पण दिवसाचे चोवीस भाग ही आपली जुनी वाटणी नव्हे, आपले तीस मुहूर्त.

अंकशास्त्राबद्दल मात्र मी थोडक्यातच लिहिणार, कारण तिथे लांबवण्यासारखं काही नाही. अक्षरांना अंक देण्याची हौस जुनी आहे. प्राचीन इराकमधल्या असिरियाचा राजा दुसरा सारगोन याने आपल्या नावाच्या अंकाइतके, सोळा हजारांहून अधिक हात लांबीचे तट बांधल्याचं कोरून ठेवलंय. ग्रीक, हिब्रू, अरबी सगळ्यांत ती रीत होती. आपल्याकडे अक्षरांनी अंक लिहिण्याची कटपयादी होती, पण ती ग्रहांची गणितं श्लोकात बसवायला. तू शिकवणीत शिकलेला मूलांक आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये वाढवलेला 'ए' हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, कीरो वगैरे पाश्चात्त्य भविष्यवेत्त्यांच्या पुस्तकांमधून पसरलेलं आहे. तू ज्या तारखेची बेरीज करतोस ती दिनदर्शिकाच १५८२ ची. ब्रिटिशांनी ती १७५२ मध्ये घेतली. तिच्यावर पाच हजार वर्षांचा शिक्का कसा मारणार?

तू म्हणशील, बाई, एका ओळीवर एवढं का? माझ्या थोरल्या बहिणीच्या पत्रिकेत मंगळ निघाला. सात वर्षं तिचं लग्न रखडलं. वडिलांनी एकदा विचारलं, हे कशावरून? उत्तर आलं, ऋषींनी सांगितलंय, तुम्ही कोण विचारणार? वडील गप्प बसले आणि ताई आत निघून गेली. त्या खोलीत गणित कुणी केलंच नाही, फक्त वय सांगितलं, हजारो वर्षांचं. म्हणून तुझ्यापुढे बसलेल्या आईबापाने 'हे कुठून आलं' असं विचारलं, तर तुला उत्तर देता आलं पाहिजे, आणि ते खरं असलं पाहिजे. फलिताबद्दल माझं मत तुला ठाऊक आहे, ते मी तुझ्यावर लादत नाही. पण पंचांगाचं गणित तुझ्या हातात चांगलं बसलंय, ते सोडू नकोस.

कार्डावर नुसतं 'पंचांग गणित व जातक' लिही. अंकशास्त्र काढ.

रविवारी सकाळी सातला पांडवलेण्याच्या पायथ्याशी ये, उन्हं चढायच्या आत वर जाऊ. सतरावं लेणं तुला दाखवायचं राहिलंय. ते इंद्राग्निदत्त नावाच्या माणसाने खोदवलं, दात्तामित्री गावचा, उत्तरेकडचा, आणि लेखात स्वतःला 'योणक' म्हणजे यवन म्हणवणारा. बापाचं नाव धम्मदेव. विजेरी आण, अक्षरं पुसट आहेत. तोवर कार्ड छापायला देऊ नकोस.

तुझ्या
बाई