रविवार कोणाच्या भरवशावर?

चि. भाऊ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आतेभावाला केळीच्या टोळीत सोबत नेलंस, बरं केलंस. पण पोरं त्याची टर उडवतात तेव्हा ‘मीपण हसतो, सर’ असं लिहिलंयस, तिथे मी चष्मा काढून ठेवला.

स्टाइनबेकच्या ‘ऑफ माइस अँड मेन’ कादंबरीचा (1937) शेवटच तू धरून बसलायस. मळ्यामळ्यांवर मजुरी करत हिंडणारे ते दोघं, जॉर्ज आणि त्याच्या भरवशावर असलेला, अंगाने दांडगा पण बुद्धीने लहान मुलासारखा लेनी. जॉर्जने लेनीला गोळी घातली ते बरोबर की चूक? सगळे तेच विचारतात. तू आधी सॅक्रामेंटो नदीचा प्रसंग पुन्हा वाच. चारचौघांत मिरवायला जॉर्ज लेनीला उडी मारायला सांगतो. पोहता येत नसताना लेनी मारतो. बुडता बुडता बाहेर काढल्यावर तो जॉर्जचेच उपकार मानतो. उडी मारायला कोणी सांगितलं, हे साफ विसरून! त्यानंतर जॉर्जने त्याची चेष्टा सोडली. तुझ्या पत्रातही मला तीच लाज दिसली, म्हणून लिहितोय. नाहीतर पत्र फाडलं असतं.

पुढे मळ्याचा मालक प्रश्न विचारतो लेनीला आणि उत्तरं देतो जॉर्ज. मालकाला संशय येतो, याची मजुरी हा खातो की काय! तुमचा मुकादमही उद्या तेच म्हणेल. आतेभावाचे पैसे त्याच्याच हातात पडू देत. मोजायला वेळ लावतो? लावू दे.

जॉर्जवर माझा राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. लेनीला काय आवडतं, तो कशाने घाबरतो, आधीच्या वीड गावात एका मुलीचा झगा धरून ठेवल्याने दोघांना कसं पळावं लागलं, हे सगळं त्याला ठाऊक. मालकाला मात्र तो थाप मारतो की हा माझा चुलतभाऊ, लहानपणी घोड्याची लाथ बसली. खरं सांगतो मळ्यावरच्या एकट्या स्लिमला. मग रविवारी बाकीचे बाहेर नाल फेकायचा खेळ खेळत असतात आणि कोठारात मेलेल्या पिलाशेजारी लेनी एकटा बसतो. तिथे मालकाच्या पोराची, कर्लीची बायको येते, आणि घाबरलेल्या लेनीच्या हातून नकळत मरते. (तिलाही बोलायला कुणी नव्हतं बिचारीला.) जॉर्जने चोवीस तास राखण करायला हवी होती, असं मी म्हणत नाही. तसं कुणालाच जमत नाही.

आमच्याकडे एक सालदार होता, आखाजी ते आखाजी (म्हणजे अक्षय्य तृतीया) ठरलेला. त्याचा धाकटा भाऊ अबोल, जरा वेगळाच. त्याला विहिरीची ओढ आहे, हे फक्त सालदाराला माहीत. सालदार तापाने पडला, आणि तिसऱ्या दिवशी भाऊ विहिरीत पाय सोडून बसलेला माझ्या आईला दिसला. ती हाक न मारता चालत गेली, शेजारी बसली, गूळ दिला. वाचला. पण आई त्या वेळी तिकडे गेली नसती तर?

तूच लिहिलंयस, ट्रकचा हॉर्न वाजला की तो खांद्यावरचा घड टाकून पळतो. हे मुकादमाला सांग, आणि शेजारच्या खोलीतल्या त्या मावशींनाही. टोळीभर बोभाटा नको. आणि सांगण्याआधी त्याला विचार, सांगू का म्हणून. तो नको म्हणाला तर दोन दिवस थांबून पुन्हा विचार.

आखाजीला दोघं या. खापरावरचे मांडे आणि रस आहेच. पुस्तक तेव्हा परत आण, पानं दुमडू नकोस.

तुझा,
सर