माझा पॅलाडिन (शपथेने बांधलेला योद्धा) लॉफुल गुड, म्हणजे नियम पाळणारा आणि भला आहे, पण गटातले बाकीचे सर्रास चोऱ्या करतात. त्याने काय करायचं?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका वठवून खेळायच्या खेळाची पाचवी आवृत्ती खेळत असाल, तर सोबती चोर आहेत म्हणून तुमच्या शक्ती जाणार नाहीत. ही भीती जुनी आहे. १९७८ च्या ॲडव्हान्स्ड नियमांत पॅलाडिन लॉफुल गुडच असायला हवा होता. त्याने जाणूनबुजून एक दुष्कृत्य केलं की पॅलाडिनपणा कायमचा जायचा, मागे साधा फायटर उरायचा. तटस्थ लोकांबरोबरही त्याला फक्त एका मोहिमेपुरतं जाता यायचं! २०१४ च्या पुस्तकात ही सक्ती नाही, तिथे पॅलाडिन बांधलेला असतो तो आपल्या शपथेला.

आता मुख्य मुद्दा. अलाइनमेंट (लॉफुल गुडसारखा पात्राचा नैतिक कल) म्हणजे पात्राला मिळालेला हुकूम आहे असं समजून लोक खेळतात आणि तिथेच फसतात. मी बरीच वर्षं डीएम, म्हणजे खेळ चालवणारा डंजन मास्टर आहे. माझा अनुभव असा की पात्र काय करतं यापेक्षा ते कशासाठी करतं यात अलाइनमेंट जास्त दिसते.

आमच्याकडे एकदा एक गॉब्लिन कैदी सापडला. पॅलाडिन त्याला म्हणाला, "वाट दाखव, सोडून देतो." त्याने दाखवली. मग रोग (Rogue, चोरट्या कामात तरबेज पात्र) खेळणारी मुलगी म्हणाली, "हा जाऊन टोळी घेऊन येणार. संपवा इथेच." पॅलाडिनवाला एवढंच बोलला, "मी शब्द दिलाय." न्यूट्रल गुड (भली, पण नियमांचा हट्ट नसलेली) क्लेरिकला, म्हणजे गटातल्या पुजारिणीला, शब्दाचं काहीच नव्हतं, तिला दिसत होता त्याचा सुजलेला पाय. वाद अर्धा तास चालला, चहा गार झाला. शेवटी दोर कोणी कापला? त्या केऑटिक न्यूट्रल (मनमौजी, ना भली ना वाईट) रोगनेच. का, तर ती स्वतः कधीकाळी कोठडीत होती, बांधलेल्यावर सुरी चालवणं तिला जमेना. गॉब्लिन एकदाच सुटला, पण तिघांची कारणं तीन.

आणि टोळी आलीच, त्याच रात्री. पॅलाडिनने कोणी न सांगता पहिला पहारा घेतला होता, कारण सोडायचा शब्द त्याचा होता. मला विचाराल तर त्याचं लॉफुल गुड असणं त्या पहाऱ्यात होतं. चोरांना प्रवचन देणारे पॅलाडिन मी पुष्कळ पाहिलेत. तिसऱ्या सेशनपर्यंत सगळं टेबल वैतागतं.

(उलट बाजूही आहे. "माझं पात्र केऑटिक आहे, ते असंच वागणार" म्हणत मित्रांचेच खिसे कापणारा खेळाडू. तो प्रश्न अलाइनमेंटचा नाही. खेळ थांबवा आणि त्या माणसाशी सरळ बोला.)

तुमच्या बाबतीत आधी ठरवा, तुमच्या पॅलाडिनला नेमकं काय खुपतं: कायदा मोडला हे, की कुणाचं तरी नुकसान झालं हे? जुलमी सरदाराची तिजोरी फोडली तर दोन्हींची उत्तरं वेगळी येतील. गरीब बेकरीवाल्याचा गल्ला उचलला तर दोन्हींचं उत्तर एकच. तेव्हा भांडू नका. सगळे बाहेर पडले की डीएमला सांगा, "मी मागे थांबतो, माझ्या वाट्यातली चांदीची नाणी गल्ल्यापाशी ठेवतो." आणि हे रोगवाल्याला ऐकू जाईल असं सांगा.