रिलीजच्या आधी तिघांनी बसून कागद करा

अगं, तुझा मेसेज वाचला. तुम्हा तिघांचं गाणं रेडिओवर लागतंय, हॉटेलांत वाजतंय आणि सोसायटीकडून, म्हणजे गाणं वाजल्याचे पैसे गोळा करून गीतकार-संगीतकारांना वाटणाऱ्या संस्थेकडून, अजून काहीच आलं नाही, राग येणारच. पण मला आधी सांग, तू फक्त मेंबर झालीयेस की गाणंही नोंदवलंयस? ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बरीच जणं मेंबर होऊन निवांत बसतात.

एका ट्रॅकमध्ये दोन हक्क असतात. शब्द आणि चाल हा एक, आणि त्याचं जे रेकॉर्डिंग केलंत तो दुसरा. डिस्ट्रिब्युटरकडून, म्हणजे गाणं स्ट्रीमिंगवर पोहोचवणाऱ्या कंपनीकडून, तुला येतात ते साधारणपणे रेकॉर्डिंगचे पैसे, गीतकार-संगीतकाराचे वेगळ्या वाटेने येतात आणि ती वाट म्हणजे सोसायटी. गायक-वादकांचा हक्क आणखी वेगळा, त्याच्या संस्थाही बऱ्याच देशांत वेगळ्या असतात, तेव्हा तू गायलीही असशील तर तिकडेही नाव घाल.

सोसायटी निघाल्या कशा हे मला फार आवडतं म्हणून सांगतो. 1847 मध्ये पॅरिसच्या एका कॅफेत एर्नेस्त बुर्जे नावाचा गीतकार बसला होता, तिथे त्याचंच गाणं चाललेलं, तर त्याने बिल द्यायला नकार दिला, तुम्ही माझं गाणं फुकट वापरता तर मी तुमचं पेय फुकट घेतो म्हणे. प्रकरण कोर्टात गेलं, तो जिंकला, आणि 1851 मध्ये सासेम ही सोसायटी उभी राहिली. कारण प्रत्येक कॅफेच्या दारात जाऊन एकटा माणूस पैसे मागू शकत नाही, आणि रेडिओवाल्यालाही रोज हजार जणांची परवानगी काढत बसणं शक्य नाही. म्हणून ब्लँकेट लायसन्स, म्हणजे एकदा फी भरायची आणि सोसायटीच्या यादीतलं काहीही वाजवायचं. जागा केवढी, धंदा केवढा, संगीत कशासाठी वापरतात ह्यावर फी ठरते. बाहेरच्या देशात वाजलं तर तिथली सोसायटी गोळा करते आणि आपसातल्या करारानुसार तुझ्या सोसायटीकडे पाठवते, म्हणून ते पैसे उशिराच येतात.

आता वाटप, खरी मेख इथे आहे. रेडिओकडून वाजलेल्या गाण्यांची यादी येते, टीव्हीकडून क्यू शीट, म्हणजे कार्यक्रमात कुठलं संगीत किती वेळ वाजलं त्याची यादी, स्ट्रीमिंगकडून भल्यामोठ्या फाइल्स, आणि सोसायटी ह्या सगळ्याची गाठ आपल्याकडच्या नोंदींशी घालते, खर्च कापते, उरलेले वाटते. हॉटेलात काय वाजलं ह्याची यादी बहुतेक वेळा कुणी ठेवतच नाही, ते पैसे बऱ्याचदा रेडिओच्या यादीवरून किंवा नमुन्यावरून वाटले जातात. तेव्हा तू स्वतःच्या कानांनी ऐकलंस म्हणून ते पैसे तुझ्याकडे येतीलच असं नाही, हे मला अजूनही खटकतं. पण कार्यक्रमात गायलीस तर जिथे सोय आहे तिथे गाण्यांची यादी स्वतः भर, ते तुझ्या हातात आहे.

आणि नोंद जुळली नाही तर पैसे नुसते पडून राहतात, काही वर्षांनी ते बाकीच्यांत वाटलेही जातात. माझं एक गाणं असंच अडकलं होतं. आम्ही तिघं, नोंदीत मी माझा वाटा चाळीस टक्के लिहिला, दुसऱ्याने स्वतःचा चाळीस आणि तिसऱ्याने तीस, बेरीज झाली एकशे दहा, आणि सोसायटीने सगळ्यांचेच रोखून धरले. त्यात माझं नाव एका नोंदीत आडनावासकट, दुसरीत नुसतं इनिशियल. भांडण नव्हतं गं, कुणी आधी बसून बोललंच नव्हतं, आणि नंतर बोलायला गेलो तेव्हा मात्र भांडण झालं.

म्हणून स्प्लिट शीट कर, म्हणजे गाण्यात कुणाचा किती वाटा ते लिहिलेला कागद. साधा कागद चालतो, गाण्याचं नाव, तुम्हा तिघांची पूर्ण नावं, कुणी शब्द, कुणी चाल, टक्के, तारीख, सह्या, बेरीज बरोबर शंभर. पब्लिशर, म्हणजे तुमच्या वतीने गाण्याचे हक्क सांभाळणारी कंपनी, असेल तर त्याचाही हिस्सा लिही. प्रत्येकाचा आयपीआय नंबर टाक, तो सोसायटीकडून मिळतो आणि सारख्या नावाची दहा माणसं असली तरी तू कोण ते त्यावरून कळतं. रेकॉर्डिंगचा ओळख-क्रमांक, आयएसआरसी, डिस्ट्रिब्युटरकडून घे आणि नोंदीत जोड, गाण्याचा म्हणजे शब्द-चालीचा क्रमांक, आयएसडब्ल्यूसी, वेगळा असतो, तो नोंद झाल्यावर मिळतो.

जुनं गाणं आज रात्रीच नोंदव, मागच्या काळाचं किती मिळेल ते त्यांच्या नियमात बघ, मुदत असते. नव्या गाण्याचा कागद तिघांनी सही केला की मला फोटो पाठव, स्पेलिंगं मी तपासतो.