एफडी मोडायची की त्यावर कर्ज काढायचं?

ताई, तुमचं पत्र थोडक्यात असं: घाटंजी तालुक्यात सहा एकर कोरडवाहू शेती. मालकांनी सात महिने झाले, दारूला हात लावलेला नाही. पण थोरल्या भावाने शेतात जीव दिला, ते पहिल्यांदा यांनीच पाहिलं आणि अजूनही रात्री दचकून उठतात. नागपूरच्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने बारा बैठका सांगितल्या, बैठकीचे १,२०० रुपये. त्यासाठी ८०,००० ची एफडी मोडावी का?

उपचार घ्याच. दारू सुटली तरी ती आठवण तशीच आहे, आणि झोप उडालेला माणूस पुन्हा बाटलीकडे वळायला वेळ लागत नाही. एफडी मात्र मोडू नका.

फी होते १४,४०० रुपये. खरा खर्च जाण्यायेण्यात आहे. तुम्हाला एसटीत अर्धं तिकीट आहे, तरी दोघांचं भाडं आणि जेवण तुम्ही ७०० लिहिलंय. बुडालेली मजुरी ४०० धरा. बारा फेऱ्यांचे १३,२०० झाले, एकूण २७,६००. पहिल्या तीन बैठका समोरासमोर आणि बाकीच्या व्हिडिओ कॉलवर झाल्या, तर काम १७,७०० मध्ये होतं. पण घरात दार लावून तासभर बसता येईल अशी खोली आणि नीट नेटवर्क हवं. सासूबाई पलीकडे बसून ऐकत असतील तर माणूस तोंड उघडत नाही.

त्याआधी यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात एकदा दाखवा. केसपेपरचा खर्च नाममात्र असतो. मानसिक आघातावरची थेरपी, म्हणजे बोलून केलेला उपचार, दर आठवड्याला तिथे मिळते का, हे स्पष्ट विचारा. मिळाली तर नागपूरचा खर्चच वाचला. नुसत्या गोळ्या मिळाल्या तर त्या तिथून घ्या, बैठका नागपूरला करा.

पैसा असा उभा करा: एफडीवर १८,००० कर्ज. दर ९ टक्के असेल तर सहा महिन्यांचं व्याज साधारण ८१० रुपये. कापूस विकला की फेडा. पीककर्जाला हात लावू नका. ते मुदतीत फिटलं नाही तर व्याजसवलत जाते.

बाराही बैठकांचे पैसे आधीच बाजूला ठेवा, पण पॅकेज म्हणून एकरकमी भरू नका. जुनी आठवण उकरली की सुरुवातीचे काही आठवडे स्वप्नं आणि दारूची तलफ दोन्ही वाढू शकतात. अनेक घरं नेमकी इथेच, तिसऱ्या-चौथ्या बैठकीला, ‘याने तर बिघडलंच’ म्हणून थांबतात, आणि तोवरचा पैसा वाया जातो. म्हणून पहिल्याच भेटीत दोन गोष्टी विचारा: सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, आणि तलफ वाढली तर मधल्या दिवसांत फोन कुणाला करायचा.

कर्जाचे १८,००० सोडले तर एफडीतले उरलेले ६२,००० मोकळे राहू द्या, त्यावर आणखी कर्ज काढू नका. पुन्हा दारू सुरू झाली तर भरती करायला तोच पैसा लागेल. आरोग्य विमा असेल तर भरतीचा खर्च त्यात बसतो का, हे पॉलिसीत पाहा. बैठकांची फी बहुतेक पॉलिसीत मिळत नाही.

फी मालकांना सांगूनच, पण तुमच्या फोनवरून थेट भरा. आणि रात्र फार जड गेली तर १४४१६ ला फोन लावा: टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, चोवीस तास, मोफत, मराठीत.