‘गो’चा भूतकाळ ‘वेंट’ कसा?

‘गो’ या इंग्रजी क्रियापदाचे भूतकाळी रूप ‘वेंट’ कसे झाले, ते ‘गो’चेच बिघडलेले रूप आहे की निराळा शब्द, असा प्रश्न विचारला गेला आहे. तो निराळाच शब्द आहे.

‘वेंट’ हे मुळात ‘वेंड’ या क्रियापदाचे भूतकाळी रूप. ‘सेंड’चे ‘सेंट’ आणि ‘बेंड’चे ‘बेंट’ होते, त्याच रीतीने ते घडले. ‘वेंड’चा अर्थ वळणे किंवा वळवणे असा होता, त्यावरून एखाद्या दिशेला वळणे, तिकडे निघणे आणि शेवटी नुसते जाणे असा तो विस्तारत गेला. ‘वेंट’ने एखादे सरळ, नियमित रूप हुसकावून लावले असे मात्र समजू नये, कारण जुन्या इंग्रजीतही ‘गान’ या, म्हणजे ‘गो’च्याच जुन्या रूपातल्या, धातूचा भूतकाळ ‘एओदे’ असा, वेगळ्याच मुळापासून आलेला होता. इंग्लंडच्या दक्षिणेत ‘एओदे’ची जागा ‘वेंट’ने घेतली, तर स्कॉट्स बोलीने ‘गेड’ असे नियमित रूप घडवले. इकडे ‘वेंड’ला स्वतःसाठी ‘वेंडेड’ हे नवे रूप करावे लागले. ‘गॉन’ हे कृदन्त तेवढे मूळ धातूचेच राहिले.

वेगवेगळ्या मुळांची रूपे एकाच क्रियापदात नांदण्याच्या या प्रकाराला जर्मन भाषाशास्त्रज्ञ हेरमान ओस्टहोफ यांच्या १८९९ मधील विवेचनापासून निश्चित नाव मिळाले, इंग्रजीत त्याला ‘सप्लीशन’ म्हणतात. मराठी भाषकाला त्याचे नवल वाटू नये. ‘जातो’ हे संस्कृत ‘या’ धातूकडून आले आहे, तर ‘गेला’ हे ‘गम्’च्या ‘गत’ या रूपापासून. ‘होणे’चे मूळ ‘भू’ धातूत आहे, पण ‘झाला’ हे ‘जात’ म्हणजे जन्मलेला या शब्दाचे वंशज असून जुन्या मराठीत ते ‘जाला’ असे आढळते. अशी रूपे सतत वापरात असलेल्या क्रियापदांतच टिकतात. मूल ती इतक्या लवकर आणि इतक्यांदा ऐकते, की नियमाने घडवलेले रूप त्याच्या तोंडी फार काळ टिकत नाही.

वापराविषयी एक गोष्ट आवर्जून सांगतो. माणूस गेला असून अजून परतला नसेल, तर इंग्रजीत ‘हॅज गॉन’ म्हणतात. तो जाऊन आला असेल, तर ‘बी’ या दुसऱ्याच क्रियापदाचे रूप घेऊन ‘हॅज बीन’ म्हणतात. म्हणून ‘तो दिल्लीला जाऊन आला आहे’ हे सांगताना ‘गॉन’ वापरल्यास, तो अजून दिल्लीतच आहे असा अर्थ होतो.