‘एक्स्पेल’, ‘इव्हिक्ट’ आणि ‘डिपोर्ट’ यांत फरक काय?

तिन्हींचा अर्थ ढोबळमानाने ‘बाहेर काढणे’ असाच असला, तरी कोणाला आणि कोठून काढले यावर इंग्रजीतले क्रियापद ठरते. शाळा, पक्ष किंवा सभागृह यांचे सदस्यत्वच संपुष्टात आणले, तर ‘एक्स्पेल’. डिसेंबर १९७८ मध्ये इंदिरा गांधींना लोकसभेतून काढले, ते याच अर्थाने. ठरावीक मुदतीपुरते बाहेर ठेवले, तर मात्र ‘सस्पेंड’, आणि या दोहोंची गल्लत आपल्याकडे वारंवार होते, वास्तविक ‘बडतर्फ’ आणि ‘निलंबित’ यांतला फरक आपण नीट पाळतो. भाडेकरूला कायद्याने घर रिकामे करायला लावणे म्हणजे ‘इव्हिक्ट’ आणि परदेशी नागरिकाला सरकारने देशाबाहेर पाठवणे म्हणजे ‘डिपोर्ट’.

सत्ताधीशांसाठी आणखी वेगळे शब्द आहेत. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला पदच्युत केले, ते ‘डिपोज’. पुढे त्याला मायदेशापासून दूर रत्नागिरीत ठेवले, जिथे १९१६ मध्ये त्याचा मृत्यू झाला, ते ‘एक्झाइल’. त्याला ‘डिपोर्ट’ केले असेही इंग्रजीत लिहिलेले आढळते. परंतु आजच्या वापरात त्या शब्दाला व्हिसा-पासपोर्टचा वास येतो, म्हणून राजासाठी मी तो टाळेन.